फितूर कोणाला म्हणावे?

कबड्डीचे दिवस आले की गावोगावी एक प्रसंग हमखास घडतो. गावच्या संघातला चढाईचा एखादा पोरगा पुढल्या हंगामात शेजारच्या गावाकडून मैदानात उतरतो. तिथे त्याला नोकरी लागलेली असते, किंवा ते त्याच्या मामाचे गाव असते, किंवा सरळच सांगायचे तर तिथल्या मंडळाने त्याला चार पैसे जास्त देऊ केलेले असतात. मग सामन्याच्या दिवशी कडेच्या गर्दीतून आरोळी उठते, "फितूर! फितूर!" गेल्या साली ज्याला खांद्यावर घेऊन मिरवले, त्याच्याच अंगावर ढेकळे येतात. आणि दुसऱ्या दिवशी शाळेत तीच पोरे गुरुजींना विचारतात, "गुरुजी, त्यानं केलं ते बरं केलं का हो?"

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. हाच प्रश्न फुटबॉलच्या जगात गेली शंभर वर्षे गाजतो आहे. तिथे मैदाने लाखालाखांची, पैसा कोटींचा, आणि संतापही त्याच मापाचा. म्हणून आज आपण जरा दूरचा प्रवास करू. आधी स्पेन देशात जाऊ, मग इंग्लंडात, आणि परतताना कोलकात्याला उतरू. मोठ्या पडद्यावर चित्र पाहिले की आपल्या अंगणातले बारकावेही नीट दिसू लागतात.

स्पेनमध्ये माद्रिद आणि बार्सिलोना ही दोन मोठी शहरे. माद्रिद देशाच्या मधोमध वसलेली राजधानी. बार्सिलोना समुद्रकाठचे, कॅटलोनिया प्रांताचे मुख्य शहर. कॅटलोनियाची भाषा वेगळी, तिचे नाव कॅटलान. 1936 ते 1939 या काळात स्पेनमध्ये भयंकर यादवी युद्ध झाले. त्यात जनरल फ्रँको विजयी झाला आणि 1975 साली मरेपर्यंत त्याने देशावर हुकूमत गाजविली. त्याच्या राज्यात कॅटलान भाषेला शाळेतून आणि सरकारी कचेरीतून हद्दपार व्हावे लागले. बार्सिलोना क्लबचे अध्यक्ष जोसेप सुन्योल यांना तर युद्धाच्या पहिल्याच वर्षी, 1936 साली, फ्रँकोच्या सैनिकांनी गोळ्या घालून ठार केले होते. मग लोकांनी आपली भाषा आणि आपला अभिमान कुठे जपावा? तो त्यांनी फुटबॉलच्या मैदानावर जपला. हजारोंच्या गर्दीत कोण कोणत्या भाषेत ओरडतो, हे पोलिसाला कुठे कळते! "हा केवळ क्लब नाही, त्याहून अधिक काही आहे," असे बार्सिलोनाचे लोक म्हणतात, ते यामुळे.

समोरचा क्लब रिअल माद्रिद. रिअल म्हणजे राजेशाही. ही पदवी त्याला 1920 साली स्पेनच्या राजाने दिली. बार्सिलोनाच्या माणसाला या क्लबात राजधानीची सत्ता दिसते. खरे पाहता माद्रिद शहरानेही 1939 पर्यंत फ्रँकोच्या फौजांशी झुंज दिली होती. परंतु मनात बसलेले चित्र इतिहासाच्या बारकाव्यांनी सहसा पुसले जात नाही. शिवाय एक जुने दुखणेही होते. 1953 साली अर्जेंटिनाचा थोर खेळाडू आल्फ्रेदो दि स्तेफानो याच्यावर दोन्ही क्लबांनी हक्क सांगितला. स्पेनच्या फुटबॉल संघटनेने तोड काढली, ती ऐकून हसू येईल. त्याने एक हंगाम इकडे आणि एक हंगाम तिकडे खेळावे म्हणे! बार्सिलोनाने रागाने हात काढून घेतला. दि स्तेफानो माद्रिदचा झाला आणि 1956 ते 1960 अशी लागोपाठ पाच वर्षे त्या क्लबाने युरोपचा चषक जिंकला. ती सल बार्सिलोनाच्या मनातून गेली नाही.

आता आपल्या कथेचा नायक. की खलनायक? ते तुम्हीच ठरवा. त्याचे नाव लुईस फिगो. पोर्तुगालचा हा खेळाडू 1995 साली बार्सिलोनात आला. मैदानाच्या उजव्या कडेने चेंडू घेऊन तो धावू लागला की समोरच्या बचावपटूची भंबेरी उडे. पाच वर्षांत बार्सिलोनाने दोनदा स्पेनची लीग आणि दोनदा स्पेनचा चषक जिंकला, त्यात त्याचा वाटा मोठा होता. परका असूनही लोकांनी त्याला घरचा मानले. पोरांच्या पाठीवर त्याचे नाव छापलेले सदरे दिसू लागले.

2000 सालच्या जुलै महिन्यात रिअल माद्रिदमध्ये अध्यक्षपदाची निवडणूक होती. या दोन्ही क्लबांचे मालक कोणी शेठजी नाहीत. सभासद वर्गणी भरतात आणि मत देऊन अध्यक्ष निवडतात, आपल्या सहकारी सोसायटीसारखेच म्हणा ना. फ्लोरेंतिनो पेरेझ नावाचे एक बांधकाम व्यावसायिक उमेदवार होते. त्यांनी सभासदांना वचन दिले, की मला निवडून द्या, मी फिगोला आणतो. आणि नाही आणला तर तुमची वर्षाची वर्गणी मी भरतो! निवडणुकीपूर्वीच त्यांनी फिगोच्या प्रतिनिधीशी गुपचूप करार करून ठेवला होता. इकडे फिगो वृत्तपत्रांतून सांगत होता, की मी बार्सिलोना सोडून कुठेही जाणार नाही.

पेरेझ निवडून आले. स्पेनमध्ये खेळाडूच्या करारात सुटकेची एक रक्कम लिहिलेली असते. ती भरली, की जुन्या क्लबाला खेळाडू अडवून धरता येत नाही. फिगोची ती रक्कम होती 1000 कोटी पेसेटा, म्हणजे सुमारे 6 कोटी युरो. त्या वेळेपर्यंत जगात कुठल्याही फुटबॉलपटूसाठी एवढे पैसे कोणी मोजले नव्हते. माद्रिदने ते मोजले. 24 जुलै 2000 रोजी फिगोच्या हाती रिअल माद्रिदचा पांढरा सदरा देण्यात आला. आणि देणारे कोण? तेच वृद्ध दि स्तेफानो! बार्सिलोनाच्या जुन्या जखमेवर मीठ चोळले गेले, ते असे.

त्याच वर्षी 21 ऑक्टोबरला फिगो माद्रिदच्या संघातून बार्सिलोनाच्या मैदानावर आला. सुमारे लाखभर माणसे जमली होती. चेंडू त्याच्या पायाशी गेला रे गेला, की शिट्ट्यांनी कान किटत. चेंडू कोपऱ्यावरून मारायचे काम, ज्याला कॉर्नर म्हणतात, ते एरवी त्याचे. त्या रात्री ते दुसऱ्यांनी केले, कारण कोपऱ्यापाशी जाणे म्हणजे गर्दीच्या तोंडी जाणे होते. बार्सिलोनाने तो सामना 2-0 असा जिंकला.

दोन वर्षांनी, 23 नोव्हेंबर 2002 रोजी, तो पुन्हा आला. या वेळी मात्र तो कॉर्नर मारायला गेला. बाटल्या आल्या, सिगारेट पेटवायचे लायटर आले, आणि या सगळ्यांत एक कापलेले डुकराचे मुंडकेही येऊन पडले. पंचांनी खेळ सुमारे पाव तास थांबविला. एक गोलही न होता सामना संपला. आज त्या सामन्यातला खेळ कोणाच्या फारसा ध्यानात नाही. ते मुंडके मात्र साऱ्या जगाला आठवते.

आता गंमत पाहा. 2000 सालच्या त्या पहिल्या सामन्यात बार्सिलोनाचा पहिला गोल कोणी केला? लुईस एन्रिके याने. आणि हा लुईस एन्रिके कोण? 1996 साली रिअल माद्रिद सोडून बार्सिलोनाला आलेला खेळाडू! म्हणजे जो रस्ता फिगो इकडून तिकडे चालला, तोच रस्ता हा गडी चार वर्षे आधी तिकडून इकडे चालला होता. त्याला बार्सिलोनाने डोक्यावर घेतले. पुढे तो संघाचा कर्णधार झाला, आणि 2014 ते 2017 या काळात त्यांचा प्रशिक्षकही.

आपल्या रामायणातले बिभीषणाचे उदाहरण आठवा. लंकेत तो घरभेद्या, आणि रामाच्या गोटात तो शरणागत, सज्जन, राजतिलकाचा धनी. माणूस एकच, नाव कोणते पडायचे ते नाव ठेवणारा कोणत्या तीरावर उभा आहे यावर ठरते. तेव्हा गुरुजी, वर्गात हा प्रश्न निघालाच तर मुलांना आधी हे विचारा, "बाळांनो, आपल्या संघात बाहेरून आलेला कोणी आहे का? त्याच्या जुन्या गावात त्याला काय म्हणत असतील?"

पण इथेच थांबलो तर प्रेक्षकावर अन्याय होईल. त्याचा राग खोटा नसतो. विचार करा, क्लबात तीन जण असतात. एक क्लबाचा कारभारी, दुसरा खेळाडू, तिसरा प्रेक्षक. कारभाऱ्याचा संबंध व्यवहाराचा. खेळाडूचा संबंध बराचसा पोटापाण्याचा. पण प्रेक्षकाचा संबंध नात्याचा असतो. बापाने बोट धरून मैदानावर नेलेले असते, आजाही तिथेच बसत असे. नोकरी बदलेल, घर बदलेल, परंतु क्लब बदलणार नाही. मग जो आपला झाला असे वाटले तोच उठून भावकीच्या वैऱ्याच्या ओसरीवर जाऊन बसतो, तेव्हा पोटात तुटते. ते तुटणे खरे आहे. चूक होते ती पुढे. आपण ज्या नात्याने बांधले गेलो त्याच नात्याने तोही बांधला गेला होता, असे आपण गृहीत धरतो. त्याने तशी शपथ कधी घेतलेली नसते.

आता तुम्ही म्हणाल, "पूर्वीचे खेळाडू असे नव्हते. एका क्लबात जन्म काढीत." खरे आहे. पण ते का, तेही जाणून घेतले पाहिजे. त्यासाठी इंग्लंडात जाऊ.

इंग्लंडात कित्येक दशके असा नियम होता, की खेळाडूचा करार संपला तरी त्याची नोंदणी क्लबाच्या मुठीत राही. क्लबाने सोडल्याशिवाय त्याला दुसरीकडे खेळता येत नसे. वाटल्यास क्लबाने पगार बंद करावा आणि तरीही सोडू नये, इथवर मजल होती. पगारालाही वरची मर्यादा होती. 1961 सालच्या आरंभी ती उठली, तेव्हा ती होती आठवड्याला 20 पौंड. हजारो माणसे तिकीट काढून ज्याचा खेळ पाहायला येत, त्याला याहून एक पै अधिक देता येत नसे. खेळाडूंच्या संघटनेने संपाची तयारी केली, तेव्हा कुठे ही मर्यादा गेली.

जॉर्ज ईस्टहॅम नावाच्या खेळाडूने 1960 साली न्यूकॅसल क्लब सोडायचे ठरविले. क्लब सोडीना. त्याने खेळणेच बंद केले आणि दुसरे काम धरले. अखेर त्याला आर्सेनल क्लबाकडे जाऊ दिले. पण त्याने कज्जा मागे घेतला नाही. 1963 साली उच्च न्यायालयाने निकाल दिला, की माणसाला असे अडकवून ठेवणे म्हणजे त्याच्या उपजीविकेवर गैरवाजवी बंधन होय.

दुसरा माणूस बेल्जियमचा, झाँ-मार्क बोसमन. 1990 साली लिएज क्लबाशी त्याचा करार संपला. त्याला फ्रान्समधल्या डंकर्क क्लबाकडे जायचे होते. करार संपलेला असूनही जुन्या क्लबाला बदलीचे पैसे हवे होते, आणि व्यवहार फिसकटला. वर लिएजने त्याला पूर्वीच्या पगाराचा जेमतेम चौथा हिस्सा देऊ केला. बोसमन पाच वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवीत राहिला. 15 डिसेंबर 1995 रोजी युरोपीय न्यायालयाने निर्णय दिला, की करार संपला की खेळाडू मोकळा. युरोपीय संघातल्या दुसऱ्या देशात जाताना त्याच्यावर किंमत लावता येणार नाही. या निकालाने पुढच्या खेळाडूंचे संसार सोन्याचे झाले. खुद्द बोसमनच्या वाट्याला मात्र हलाखीच आली. तोवर त्याचे खेळण्याचे वय सरले होते.

शेतकरीबंधूंनो, दावणीला बांधलेला बैल रात्रभर गोठ्यातच उभा राहतो. म्हणून त्याला कोणी निष्ठावंत म्हणत नाही. त्याच्या गळ्यात दावे आहे हे आपल्याला माहीत असते. पूर्वीच्या खेळाडूंत मनापासून राहणारे होतेच, त्यांना नमस्कार. पण कितीजण निष्ठेने राहिले आणि कितीजण दाव्यामुळे राहिले, हे आज कोण सांगणार? दावे सुटल्यावरच जनावराची ओढ कळते. तेव्हा हक्काने जाणाऱ्या माणसाला नुसते गेल्याबद्दल फितूर म्हणणे म्हणजे ते दावे पुन्हा मागण्यासारखेच आहे.

आणि आणखी एक पाहा. क्लब जेव्हा खेळाडूला विकतो, गुडघा दुखावला म्हणून करार वाढवीत नाही, तेव्हा क्लबाला फितूर म्हणून कोणी ओरडते का? तिथे आपण "व्यवहार आहे बाबा" असे म्हणून गप्प बसतो. दोघांना दोन मापे का असावीत?

या नव्या मोकळिकीचा सर्वांत गाजलेला प्रसंग लंडनमध्ये घडला. उत्तर लंडनमध्ये टॉटनहॅम हा क्लब 1882 पासूनचा. आर्सेनल हा मूळचा थेम्स नदीच्या दक्षिणेचा. तो 1913 साली नदी ओलांडून टॉटनहॅमच्या शेजारी येऊन बसला. पुढे 1919 साली मतदान होऊन आर्सेनलला पहिल्या श्रेणीत जागा मिळाली आणि टॉटनहॅम खालच्या श्रेणीत गेले. बांधाला बांध लागला, वर हिश्शाचा वाद. मग वैर किती मुरते ते तुम्हांला मी काय सांगावे!

सोल कॅम्पबेल हा पोरवयापासून टॉटनहॅममध्ये वाढलेला बचावपटू. पुढे संघाचा कर्णधार झाला. 2001 साली त्याचा करार संपला. क्लबाने भरघोस पगार देऊ केला होता. तो कुठे जाणार याची चर्चा महिनोन् महिने चालली. त्या जुलै महिन्यात आर्सेनलने पत्रकारांना बोलावले. नवा गोलरक्षक दाखविणार असतील, अशा समजुतीने पत्रकार आले. आणि दारातून आत आला सोल कॅम्पबेल! टॉटनहॅमला एक पैसाही मिळाला नाही, कारण करार संपला होता आणि बोसमनच्या निकालाने तो मोकळा होता.

17 नोव्हेंबर 2001 रोजी तो जुन्या मैदानावर परतला. प्रेक्षकांनी पांढरे फुगे आणले होते. त्यांवर एकच शब्द होता: जुडास. ख्रिस्ताच्या बारा शिष्यांपैकी एकाने चांदीच्या तीस नाण्यांसाठी गुरूला धरून दिले, तो हा जुडास. सामना 1-1 असा सुटला. त्या हंगामात आर्सेनलने लीग आणि चषक दोन्ही जिंकले. कॅम्पबेल ज्यासाठी गेला ते त्याला मिळाले. पण शिव्या थांबल्या नाहीत. सात वर्षांनंतर, 2008 साली, तो पोर्ट्समथ या तिसऱ्याच क्लबाकडून खेळत असताना टॉटनहॅमच्या काही प्रेक्षकांनी त्याला उद्देशून इतक्या गलिच्छ घोषणा दिल्या, की प्रकरण न्यायालयात गेले आणि काहींना दोषी ठरविण्यात आले. त्यांत एक अल्पवयीन मुलगाही होता. शिक्षकहो, ही गोष्ट जरा मनात ठेवा. त्या पोराने कॅम्पबेलला टॉटनहॅमच्या सदऱ्यात क्वचितच पाहिले असेल. शिवी त्याला वारशाने मिळाली होती.

आता आपल्या देशात परत येऊ. कोलकात्याचा मोहन बागान क्लब 1889 सालचा. 1911 साली त्याने गोऱ्या सोल्जरांच्या ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला 2-1 असे हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली. अकरांपैकी दहा जण अनवाणी खेळले होते. ईस्ट बंगाल क्लब 1920 साली निघाला, तो पूर्व बंगालच्या माणसांना डावलले जाते या रागातून. 1947 साली फाळणी झाली. पद्मेपलीकडून लाखो माणसे घरदार टाकून आली. ज्यांचे गाव गेले, त्यांना ईस्ट बंगाल या नावातच आपले गाव सापडले. ईस्ट बंगाल जिंकला की घरोघर हिल्सा मासा शिजतो, मोहन बागान जिंकला की कोळंबी, अशी तिथली रीत.

अशा शहरात खेळाडूंची पळवापळवी केवढी चालत असेल! तिथे तिला "दलबदल" म्हणतात. हंगामापूर्वी खेळाडूने आय. एफ. ए. च्या कचेरीत जाऊन सही करायची. त्या आधी दुसऱ्याने गाठू नये म्हणून क्लबाचे कार्यकर्ते खेळाडूंना लपवून ठेवीत. आपल्याकडे सरपंचाच्या निवडणुकीआधी सदस्य सहलीला जातात ना, तसेच.

त्या काळचे एक नाव श्याम थापा. 1975 सालच्या शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालने मोहन बागानचा 5-0 असा धुव्वा उडविला. त्या पाचांपैकी दोन गोल थापाचे. 1977 साली हाच थापा मोहन बागानमध्ये गेला. त्याच वर्षी पेले न्यूयॉर्कच्या कॉसमॉस संघाबरोबर कोलकात्याला आला, तेव्हा मोहन बागानने 2-2 अशी बरोबरी साधली. ते दोन गोल थापा आणि महंमद हबीब यांचे. आणि 1978 साली त्याने ईस्ट बंगालवर पाठमोरी उडी घेऊन उलट्या लाथेने जो गोल केला, त्याच्या आठवणी कोलकाता अजून काढते. 1975 सालच्या त्या ईस्ट बंगाल संघाचे प्रशिक्षक पी. के. बॅनर्जी हेसुद्धा पुढल्या वर्षी मोहन बागानला गेले होते.

थापा गोरखा समाजातला, हबीब हैदराबादचा. पद्मेच्या अलीकडच्या-पलीकडच्या भांडणाशी यांच्या वाडवडिलांचा काय संबंध? त्यांनी दोन्हीकडे घाम गाळला, दोन्हीकडे गोल केले. आज दोन्ही क्लबांचे जुने लोक त्यांची नावे अभिमानाने घेतात. पंचवीस-तीस वर्षे गेली की फितुरीचा डाग आपोआप धुऊन निघतो आणि उरतो तो खेळ. मग तो राग अंगावर घेताना थोडा हात आखडता घेतलेला बरा. कारण राग कुठवर जातो हेही कोलकात्याने पाहिले आहे. 16 ऑगस्ट 1980 रोजी ईडन गार्डन्सवर याच दोन संघांचा सामना चालू असता प्रेक्षकांत मारामारी झाली, पळापळ झाली, आणि 16 माणसे मेली. मैदानातला कोणी खेळाडू मेला नाही. खेळ पाहायला आलेली माणसे मेली.

मग फुटबॉलमध्ये खरा फितूर कोण? तोही दाखवितो. 2 एप्रिल 1915 रोजी मँचेस्टर युनायटेड आणि लिव्हरपूल यांचा सामना झाला. युनायटेडने तो 2-0 असा जिंकला. चौकशीत निघाले, की निकाल आधीच ठरला होता आणि त्यावर पैजा लावलेल्या होत्या. लिव्हरपूलच्या चार आणि युनायटेडच्या तीन खेळाडूंवर जन्माची बंदी आली. यांतला एकही जण त्या दिवशी आपला क्लब सोडून गेलेला नव्हता. लिव्हरपूलच्या त्या चौघांच्या अंगात सदरा स्वतःच्याच क्लबाचा होता, आणि हरायचे म्हणून, पैशासाठी, ते खेळत होते. फितुरी ती ही. किल्ल्याचा दरवाजा आतून उघडणारा तो फितूर. जो दिवसाढवळ्या, सर्वांदेखत, आपली वळकटी घेऊन दुसऱ्या गडावर चाकरीला गेला, त्याला तो शब्द लागू पडत नाही.

तरी जाणाऱ्यावरही काही जबाबदारी आहेच. माझ्या मते त्याला तीन गोष्टी विचाराव्यात. दिलेली मुदत पुरी केलीस, किंवा करारात ठरले होते ते भरून मोकळा झालास ना? शेवटच्या दिवसापर्यंत जीव ओतून खेळलास ना? आणि आम्हांला खरे सांगितलेस ना? कॅम्पबेल पहिल्या दोन प्रश्नांना उतरतो. फिगोही उतरतो. तिसऱ्या प्रश्नाशी फिगो अडखळतो. "मी जाणार नाही" असे सांगून तो गेला, आणि बार्सिलोनाची खरी तक्रार करायची तर ती एवढ्यापुरतीच. ती रास्त आहे. पण खोटे बोलल्याची शिक्षा डुकराचे मुंडके ही नव्हे.

शेवटी 2024 सालची एक हकीकत सांगतो आणि आपला निरोप घेतो. त्या ऑगस्टमध्ये कोलकात्याच्या एका रुग्णालयात एका तरुण डॉक्टर मुलीवर अत्याचार होऊन तिची हत्या झाली. सारे शहर रस्त्यावर आले. 18 ऑगस्टला मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांचा ड्युरँड चषकाचा सामना होता. बंदोबस्ताच्या अडचणीमुळे तो रद्द झाला. तरीही दोन्ही क्लबांचे पाठीराखे, आपापले सदरे घालून, स्टेडियमबाहेर जमले. त्यांच्याबरोबर महंमडन स्पोर्टिंगचेही आले. शंभर वर्षांचे वैरी त्या संध्याकाळी एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून न्याय मागत होते. आपापला क्लब कोणीही सोडला नव्हता. समोरचा माणूस शत्रू नाही, एवढेच त्यांना वेळेवर आठवले.

तेव्हा पुढच्या हंगामात तुमच्या गावचा तो चढाईचा पोरगा शेजारच्या गावाच्या संघातून तुमच्या मैदानात येईल, तेव्हा त्याला जरूर पकडा. चांगला घट्ट पकडा, मधल्या रेषेला हात लागू देऊ नका. आणि सामना संपला की त्याला पाणी विचारा. पोरे आपल्याकडे पाहत असतात.